थांबा म्हटल्यावर

हातमोजा काढून कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं दुखलं असेल." थोडं दुखलं असेल! आधी सांगायचं ते नंतर सांगितलं, आणि तेही तिच्याकडे न बघता, डब्याकडे बघत. मग पडद्यापलीकडे उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याला उद्देशून त्यांनी बाकीचं सांगून टाकलं. दिवस भरून वर आठवडा झालाय, पाणी कमी व्हायला लागलंय, आता वाट बघण्यात अर्थ नाही. आत्ता बोट फिरवून ठेवलंय, त्याने आपोआप कळा सुरू झाल्या तर उत्तमच. नाही झाल्या तर उद्या सकाळी सातला दाखल करा, गोळी ठेवू, गरज पडली तर सलाईनमधून कळा आणू. "हो हो," नवरा म्हणाला. त्याच्या खांद्यावर तिची पर्स होती आणि हातात तिच्या चपला होत्या. चपला का उचलल्या होत्या देव जाणे. ती अजून त्या अरुंद टेबलावर उताणी होती, आणि तिचे दोन्ही हात आडवे पसरलेले होते. डावा भिंतीला टेकला होता, उजवा पडद्यात अडकला होता. सिस्टरने तो पडदा तिच्या हातावरून सोडवला, नीट केला आणि म्हणाली, "उठा आता, सावकाश." हात कशाला पसरलेत हे तिने विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. डॉक्टरीणबाई आत बोटाने चाचपत असताना वर छताकडे बघत होत्या आणि सिस्टरशी कुणाच्या तरी रजेबद्दल बोलत होत्या.

दोन्ही हात आडवे पसरणं म्हणजे थांबा. वॅगनदुरुस्तीच्या कारखान्यात हे झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असतं. तिथे डोक्यावरून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रुळांवर क्रेन धावते, आणि क्रेनच्या पोटाला चिकटलेल्या काचेच्या खोलीत बारा वर्षं ती बसत आली होती. खाली हातोडे, घणाचे घाव, ग्राइंडरचा चरचराट. तोंडाने बोंबललं तरी शेजारच्याला ऐकू जात नाही, मग वर कुठलं जायला? म्हणून सगळं हातांनी. बोट वर फिरवलं की उचल, खाली फिरवलं की उतरव, मूठ करून अंगठा दाखवला की त्या बाजूला चल. आणि हे इशारे एकानेच करायचे, बाकीच्यांनी हात खिशात ठेवायचे. तिचा इशारेवाला म्हणजे घुबड. हे नाव त्याला कुणी दिलं माहीत नाही, पण शोभत होतं, कारण ओझं हवेत असताना त्याची पापणी लवत नसे. बारा वर्षांत त्या दोघांचं कामाच्या वेळात एका शब्दाचं बोलणं नव्हतं. तिचे कान त्याच्या हातांत होते. आणि म्हणूनच, तिला बसमध्ये बसल्यावर कळलं, म्हणूनच टेबलावर तिच्या तोंडातून शब्द फुटला नाही. आत असं काही झालं की जणू कुणी परवानगी न घेता घरात शिरून कपाटं उघडतंय, आणि तिने काय केलं, तर हात पसरले. छताकडे बघणाऱ्या बाईला हात दाखवले! तोंड काय शिवलं होतं? तिला स्वतःचाच इतका राग आला की पोटातल्याने लाथ मारली. तीही तिला त्या क्षणी टोमण्यासारखी वाटली.

बसमध्ये नवऱ्याने तिला खिडकीजवळची जागा दिली. "बरं झालं ना, एकदाचं ठरलं," तो म्हणाला. "त्या अनुभवी आहेत. रोजचंच आहे त्यांचं." रोजचंच आहे! तिने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस चष्म्याच्या दुकानात कामाला होता. दिवसभर गिऱ्हाइकांच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, एकामागून एक भिंगं सरकवायची आणि प्रत्येक भिंगाला विचारायचं, हे बरं, की ते बरं? पुन्हा बघा हं, घाई नाही, हे बरं, की ते? म्हाताऱ्यांना, किरकिऱ्यांना, आधीच्या चष्म्यावर तक्रार घेऊन भांडायला आलेल्यांना. शंभर जणांना शंभर वेळा विचारणाऱ्या या शहाण्याला आज बायकोला एकदा विचारायला काय झालं होतं? "तू हो का म्हणालास?" ती म्हणाली.

"मग काय म्हणू? बाळाला धोका आहे म्हणाल्या त्या."

"मला विचारलंस?"

"अगं, यात विचारण्यासारखं काय आहे? नाही म्हणणार होतीस का तू?"

हीच तर गोम होती. नाही म्हणणार नव्हती ती. गोळीला तिची ना नव्हती, सलाईनला नव्हती. पाणी कमी होतंय हे तिला समजत होतं, ती काही अडाणी नव्हती, उगाच जिवाशी खेळणारीही नव्हती. तिला भीती होती ती निराळीच, आणि ती नवऱ्याला समजावून सांगता येईना म्हणून तिच्या तळपायाची आग मस्तकात जात होती. एकदा सुरू केल्यावर थांबवणारं कुणी असेल का? आपणहून येणारी कळ येते तशी जाते, मधे श्वास घेऊ देते, असं तिला बाळंतीण झालेल्या सगळ्यांनी सांगितलं होतं. आणलेल्या कळेचा दोर कुणाच्या हातात? ती आडवी असणार, पाय अडकवलेले, चारी बाजूंनी माणसं एकमेकांना सूचना देणार, उचला, धरा, दाबा, आणि ती मधोमध. बारा वर्षं जी ओझी ती आकड्याला लटकवून इकडून तिकडे नेत आली होती, तसलं एक ओझं. ओझ्याला कुणी विचारत नाही. "नाही म्हणणार नव्हते," ती म्हणाली, "पण तू विचारायला हवं होतंस." नवरा बिचारा खिडकीबाहेर बघू लागला. बिचारा म्हणायचं त्याला, आणि मग सगळं माफ. तिने आपली पर्स त्याच्या खांद्यावरून ओढून घेतली.

घरी आई येऊन बसली होती. सोबत मोठी पिशवी, त्यात जुन्या मऊ कापडांच्या घड्या, दोन झबली, एक गरम पाण्याची पिशवी. दारातच नवऱ्याने बातमी दिली आणि आई म्हणाली, "हात्तिच्या! त्यात काय घाबरायचं? तुलाही तसंच आणलं होतं की. नोटीस बजावून!" आणि हसली. झालं. त्या हसण्याने तिच्या डोक्यात काहीतरी तुटलं. नोटीस हे घरातलं तिचं टोपणनाव होतं. मामा, मावश्या, चुलतभावंडं, सगळे तिला नोटीस म्हणत, आणि नवीन कुणी घरात आलं की वडील नावामागची गोष्ट सांगत. ते जाऊन सहा वर्षं झाली, पण ती गोष्ट त्यांच्या आवाजात, त्यांच्या हातवाऱ्यांसकट तिला पाठ होती. हिला आत इतकं आवडलं होतं, इतकं आवडलं होतं, की जागा सोडायला तयारच नाही! पंधरा दिवस वर झाले. शेवटी डॉक्टर म्हणाले, नोटीस बजावावी लागणार. लावलं सलाईन. आणि मग हिच्या आईने असं काही हॉस्पिटल डोक्यावर घेतलं म्हणता, की शेजारच्या दोन बायका तिचं ओरडणं ऐकून भीतीनेच मोकळ्या झाल्या! इथे सगळे हसत. वडील डोळे पुसत, मामा मांडीवर थाप मारत, आणि आई सरबताचे ग्लास उचलता उचलता हसत, म्हणत, "पुरे हो, किती वेळा तेच तेच." तीही हसे. सात वर्षांची असताना हसे, सतराची असताना हसे, लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांसमोरही ती गोष्ट झाली आणि तेव्हाही हसली. गोष्टीतली आई ओरडत होती, आणि ती काय ओरडत होती हे त्या घरातल्या एकाही शहाण्याने इतक्या वर्षांत विचारलं नव्हतं. तिनेही नाही. नवऱ्याला नावं ठेवायला ती मोकळी होती, पण विचारायचं कुणी होतं तर ते तिने.

"आई, तू काय ओरडत होतीस?" तिने विचारलं. अजून पायातल्या चपलाही काढल्या नव्हत्या.

"कधी?"

"नोटिशीच्या वेळी."

आई झबल्याची घडी मोडून पुन्हा घालू लागली. "आता काय आठवतंय ते. तेहेतीस वर्षं झाली."

"आठवतंय तुला."

"काहीतरीच तुझं. बस तू आधी, पाय वर घे, सूज बघ किती आलीय."

"आई, मी विचारतेय ना काहीतरी!" ती ओरडली. शेजारच्या खोलीत नवऱ्याने कपाटाचं दार लावल्याचा आवाज आला. तिला आवाज चढवायचा नव्हता, पण दुपारपासून जे तोंडात अडकलं होतं ते नेमकं आईवर निघालं. जिच्यावर निघायला नको तिच्यावरच ते निघतं, हा नियमच आहे. आईने झबलं मांडीवर ठेवलं. डाव्या हाताचं मनगट उजव्या हाताने धरलं. हे ती नेहमी करी, बसमध्ये, दवाखान्यात, कुणाच्या आजाराची बातमी ऐकताना. तिची ती सवयच आहे असं घरात सगळ्यांनी धरून चाललं होतं.

"थांबा म्हणत होते," आई म्हणाली. "दुसरं काय म्हणणार? एका कळेतून सुटले नाही तर दुसरी. मधे दम घ्यायला जागाच नव्हती. थांबा, जरा थांबा, एवढंच म्हणत होते. सुई निसटू नये म्हणून हा हात पट्टीने गजाला बांधला होता, तो मी ओढत होते, तर त्यांनी अजून घट्ट बांधला. तिथली एक बाई म्हणाली, नवऱ्याजवळ जाताना कळलं नव्हतं का. एवढंच. मग तू झालीस, आणि मग सगळे तुझ्याकडे वळले."

"आणि बाबा ती गोष्ट सांगायचे तेव्हा तू हसायचीस?"

"मग काय करू? सगळे हसत असताना मी एकटीने तोंड पाडून बसायचं? आणि ते काही वाईट मनाने सांगत नव्हते गं. बाहेर बाकावर बसून रडले होते ते, मला नंतर कळलं. त्यांना ते हसण्यावारी न्यायचं होतं. नेलं. मीही नेलं." आईने मनगट सोडलं. "तू उद्याचं मनावर घेऊ नकोस. आता सगळं सुधारलंय."

वडिलांवर रागवावं तर ते हयात नाहीत. आईवर रागवावं तर तिचं मनगट. सुधारलंय म्हणे! दुपारी छताकडे बघून रजेच्या गप्पा मारल्या ते सुधारलेलंच ना? तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायची या घराची जुनी रीत, आणि वर त्याचं नाव विनोद. ती न्हाणीघरात गेली, नळ सोडला आणि तोंड धुता धुता त्या आवाजाच्या आड म्हणाली, थांबा. अगदी हळू. आवाज बसका निघाला, लाजरा, दुसऱ्याच कुणाचा तरी. पुन्हा म्हणाली, थांबा. तिला आठवलं, एकदा चाकजोड हवेत असताना, दोन चाकं आणि मधला कणा मिळून चांगलं मोटारीएवढं वजन, कँटीनमधल्या बाईने रिकाम्या कपांचा ट्रे खाली ठेवून एकदम दोन्ही हात पसरले होते. तिचा त्या कामाशी काडीचा संबंध नव्हता. पण इशारे एकाचे आणि थांबा मात्र कुणाचाही, हा तिथला नियम होता. वर काचेच्या खोलीत तिने क्रेनचा दांडा मागे घेतला आणि चाकजोड जागच्या जागी झुलत राहिला. खालचं बोलणं तिला सुट्टीत उतरल्यावर कळलं. सुपरवायझर धावत आला, कँटीनवालीवर खेकसला, काय झालं, काय दिसलं तुला? तिला साखळी वाकडी वाटली होती. साखळी वाकडी नव्हती. सुपरवायझर आणखी पेटला. तेव्हा घुबड, दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस, मधे येऊन उभा राहिला. "थांबा म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही," तो म्हणाला. "आधी थांबायचं. कारण मग." आणि कँटीनवालीकडे वळून त्याने, सगळ्यांदेखत, कपाळाला हात लावून सलाम केला. त्या बाईने पुढे कितीतरी दिवस त्याच्या चहात साखर जास्त घातली, आणि त्याला गोड चहा आवडत नसूनही तो पीत राहिला. लोखंडाला आहे हा नियम, ती नळ बंद करताना म्हणाली. लोखंडाला आहे आणि बाईला नाही.

बोट फिरवून काही झालं नाही. सकाळी सातला ते तिघं हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर होते. भिंती फिक्या हिरव्या, बाके एकमेकांना साखळीने जोडलेली, घड्याळ दोन मिनिटं पुढे. टेबलामागच्या सिस्टरने फॉर्म काढला, फुली मारली आणि पेन नवऱ्यापुढे केलं, "इथे सही करा, गोळी ठेवायची संमती." नवऱ्याने पेन घेतलं. मग, कोण जाणे रात्रभर त्याच्या डोक्यात काय चाललं होतं, त्याने ते पेन हातात धरून ठेवलं आणि तिच्याकडे वळला. "तू करतेस?" ती पेन घेऊन बसली आणि तिने तो फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. सिस्टरने दोनदा घड्याळ पाहिलं. पाहू दे. सही झाली तेव्हा सिस्टर म्हणाली, आत एकच जण थांबू शकतं. नवऱ्याने पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली, घसा साफ केला आणि दुकानातल्या त्या ठरलेल्या चालीत विचारलं, "मी बरा, की आई बरी? घाई नाही." तिला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला, कारण राग अजून पुरता वापरून झाला नव्हता. "आई," ती म्हणाली. त्याचा चेहरा उतरला, पण त्याने मान डोलावली. "ठीक. मी इथेच आहे." आणि तो साखळीच्या बाकावर जाऊन बसला. तिला त्याच्यावरचा निम्मा राग सोडून द्यावा लागला.

आतली खोली लहान होती. पलंगाशेजारी सलाईनचा खांब उभा होता, अजून रिकामा. तिने सिस्टरला विचारलं, लागलं तर ते कमीजास्त कशाने करतात? सिस्टरने नळीवरचं छोटं चाक दाखवलं, असं फिरवलं की थेंब कमी, असं फिरवलं की बंद. "आणि फिरवणार कोण?" "ड्यूटीवरची सिस्टर. म्हणजे दुपारपर्यंत मीच." "तुम्ही एकट्याच?" "हो, मी एकटीच, का?" "काही नाही," ती म्हणाली. चाक आहे, आणि चाकावर एकच हात आहे. तेवढ्याने तिचे खांदे जरा खाली आले. मग डॉक्टरीणबाई आल्या, ताज्या, घाईत, हातमोजा चढवत. "चला, पाय घ्या वर."

"आधी मला बोलायचंय," ती म्हणाली. आवाज पुन्हा तसाच बसका निघाला. तिने तो तसाच पुढे रेटला. "काल तुम्ही न सांगता आत बोट फिरवलंत."

डॉक्टरीणबाईंचे हात मोज्यात अर्ध्यावर राहिले. "अहो, ते तपासताना करतातच. तुमच्याच भल्यासाठी."

"माझ्या भल्याचं होतं तर मला सांगायचं. आज मी थांबा म्हटलं, की थांबायचं."

"बाळंतपण आहे बाई हे. काही वेळा थांबायला सवड नसते."

"मी क्रेन चालवते," ती म्हणाली. "अकरा टन लटकत असतात, खाली माणसं असतात. थांबा म्हणजे सोडून द्या, असं नसतं ते. थांबा म्हणजे आहे तिथे धरून ठेवा. मग काय झालंय ते सांगा, मी हो म्हणेन."

"आणि बाळाच्या जिवावर बेतलं असेल तर?"

"तर तीन शब्दांत सांगा. मी काही बहिरी नाही."

सिस्टर खांबाकडे बघू लागली. आई पलंगाच्या उशाकडे उभी होती, दोन्ही हात गजावर. तिला वाटलं, आता आई म्हणणार, जाऊ दे गं, त्यांना त्यांचं काम करू दे. आईने गज आणखी घट्ट धरला. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच तिच्या तोंडाकडे पाहिलं, नीट, एखादा जुना रिपोर्ट पुन्हा वाचावा तसं. "काल मी घाईत होते," त्या म्हणाल्या. एरवी कुणी असं म्हटलं की ती चटकन 'असू दे' म्हणून मोकळी होई. आज तिने ते म्हटलं नाही. ती शांतता तिने तशीच राहू दिली, आणि ती डॉक्टरीणबाईंनाच पुढे होऊन मोडावी लागली. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "थांबा म्हटलं की थांबेन. घ्या पाय वर."

तिने पाय वर घेतले. भीती काही गेली नव्हती. गार काहीतरी पुसलं गेलं. "आता हात लावतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग गोळी आत सरकवेन, दाब वाटेल." त्या छताकडे बघत नव्हत्या. हात पुढे आला, लागला न लागला.

"थांबा," ती म्हणाली.

या खेपेला आवाज बसका नव्हता. खोलीभर झाला, बहुधा बाहेरच्या बाकापर्यंतही गेला असेल. हात थांबला. मागे गेला नाही, पुढे आला नाही, होता तिथे, हवेत, राहिला. सिस्टरच्या हातातला ट्रेही थांबला. तिने मनात मोजलं, एक, दोन, तीन, चार. हात तसाच.

"काय झालं? दुखलं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नाही."

"मग?"

"रोज सकाळी पहिलं ओझं उचलायच्या आधी आम्ही रिकामा आकडा वीतभर उचलतो आणि ब्रेक लागतो का ते बघतो."

डॉक्टरीणबाईंनी नाकाने श्वास सोडला. त्या चिडल्या होत्या, पण हात हलला नव्हता. "मग? लागला?"

"लागला," ती म्हणाली. आणि 'करा आता' असं म्हणण्यासाठी तिने तोंड उघडलं, तोच उशाकडून आईचा आवाज आला, इतका बारीक की आधी तिला तो आईचा वाटलाच नाही. तिने मान वर करून पाहिलं. आईने गज सोडला होता, डावं मनगट उजव्या मुठीत घट्ट धरलं होतं, आणि तिचं लेकीकडे लक्षच नव्हतं. ती त्या हवेत थांबलेल्या हाताकडे बघत होती.

"अजून एकदा म्हण," आई म्हणाली.